हातातला उजेड

मराठी रंगभूमीच्या इतिहासात प्रकाशयोजनेच्या वाट्याला फार तर एखादा परिच्छेद येतो, आणि तोही मुंबई-पुण्यात सुरू होऊन तिथेच संपतो. त्याचा साचा ठरलेला असतो. आधी मशाली होत्या, मग गॅसचे दिवे आले, मग वीज आली, डिमर आले, आणि साधने सुधारत गेली तशी कलाही सुधारत गेली. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांपुरता विचार केला तर हा साचा टिकत नाही. इथे उजेड टप्प्याटप्प्याने वाढला हे खरे, पण जवळजवळ प्रत्येक वाढीने सुरुवातीला रंगकर्मींच्या हातून काहीतरी काढून घेतले. उजेड कुठे पडावा, किती पडावा आणि केव्हा जावा, हे ठरवण्याची सत्ता म्हणजे प्रकाशयोजना. ती सत्ता दिवटीच्या काळात होती, गॅसबत्तीच्या काळात गेली, आणि पुढे हौशी कलावंतांनी पत्र्याचे डबे, मीठ आणि पाणी यांच्या आधाराने ती परत मिळवली. म्हणून साधनांचा इतिहास आणि कलेचा इतिहास एकाच रेषेत मांडू नयेत, असे माझे म्हणणे आहे. आणि ते पटवण्यासाठी मराठवाड्याच्या या कोपऱ्याइतका चांगला पुरावा दुसरीकडे सहज सापडणार नाही.

सुरुवात माहूरपासून करावी लागते. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला माहूरगडावर रेणुकामातेचे ठाणे आहे, आणि लातूरला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यात तुळजाभवानीचे. गोंधळी समाजातल्या रेणुराई आणि कदमराई या दोन शाखा याच दोन देवींच्या उपासक. गोंधळ रात्रीचा असतो. चौक भरतात, कलश मांडतात, संबळ आणि तुणतुणे लागते आणि दिवटी पेटते. धातूचा दांडा, त्याच्या टोकाला घट्ट गुंडाळलेला कापडाचा काकडा आणि शेजारी तेलाची बुधली, एवढेच हे साधन. पण ते चालवणे सोपे नाही. काकडा सैल गुंडाळला तर भराभरा जळून जातो, फार घट्ट झाला तर तेल आतपर्यंत शिरत नाही. बुधलीतून धार सोडली की ज्योत क्षणभर दबते आणि मग उसळते. दिवटी धरणाऱ्याला हा क्षण ओळखता आला पाहिजे, कारण नायक, म्हणजे मुख्य गोंधळी, आख्यानात रंगात आला असताना नेमकी ज्योत दबली तर त्याचा चेहराच जातो. शिवाय दिव्याचे अंतर दुप्पट झाले की चेहऱ्यावरचा उजेड चौपटीने कमी होतो. म्हणजे दोन हातांवरून चार हातांवर सरकलेली दिवटी नायकाला जवळजवळ पुसून टाकते. हे गणित दिवटी धरणाऱ्याने कुठे शिकलेले नसते. त्याच्या पावलांना ते ठाऊक असते. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबापुढे वाघ्या-मुरळीचे जागरण होते, तिथेही दिवटी अशीच माणसाच्या हातात असते आणि माणसाबरोबर फिरते.

यावर पहिला आक्षेप सहज घेता येईल. दिवटी ही मुळात दैवताची खूण, तिचे काम विधीचे आणि फार तर अंधारात दिसण्याचे; तिला प्रकाशयोजना म्हणणे म्हणजे आजच्या कल्पना कालच्या माणसांच्या गळ्यात बांधणे. आक्षेपाचा पहिला भाग पूर्ण मान्य आहे. दिवटी पूजनीय आहे आणि ती केवळ दिवा म्हणून कुणी पेटवत नाही. पण एका वस्तूला दोन कामे असू शकतात. निव्वळ दिसणे एवढाच हेतू असता तर चौकाभोवती चार समया ठेवून भागले असते. गोंधळाच्या पूर्वरंगात देवदेवतांना आवाहन होते आणि उत्तररंगात आख्यान लागते. तिथे नायक एकटाच राजा होतो, राणी होतो, प्रधान होतो. अशा वेळी उजेड त्याच्या जवळ असणे, तो वळला की वळणे, हे कथनाचेच अंग आहे. दुसरा पुरावा रंगभूषेचा. लोकनाट्यातली जुनी रंगभूषा मुर्दाडशिंग, हिंगूळ आणि काजळ यांची, म्हणजे भडक पिवळी, लाल आणि काळी होती. दिवसाच्या उजेडात असा चेहरा ओबडधोबड वाटतो. खालून किंवा बाजूने येणाऱ्या, तांबूस, हलत्या ज्योतीत मात्र तोच चेहरा वीस-पंचवीस हातांवरून वाचता येतो. म्हणजे चेहरा रंगवणाऱ्याला उजेडाची जात नेमकी माहीत होती. उजेडाचा हिशेब धरून चेहरा, चाल आणि जागा ठरत असतील, तर त्याला योजना म्हणायला काय हरकत आहे?

मराठी नाटकाचा लिखित इतिहास मात्र सांगलीत ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांच्या 'सीतास्वयंवर'ने सुरू होतो. दहा वर्षांनी, १८५३ मध्ये, भाव्यांची मंडळी मुंबईच्या ग्रँट रोड नाट्यगृहात खेळ करत होती, आणि १८६५ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर नळाच्या गॅसचे दिवे लागले. लंडनच्या नाट्यगृहांत हा गॅस १८१७ मध्येच पोचला होता. या गॅसने रंगभूमीला नुसता जास्तीचा उजेड दिला नाही. नाट्यगृहातले सगळे दिवे एकाच नळजाळ्यावर असल्याने विंगेतल्या चाव्या फिरवून पूर्ण रंगमंच मंद किंवा प्रखर करता येऊ लागला. प्रेक्षागृह अंधारात बुडवून फक्त रंगमंच उजळायचा, ही आज आपल्याला स्वाभाविक वाटणारी पद्धत त्यातूनच रुजली. जर्मन संगीतकार वॅग्नरने १८७६ मध्ये बायरॉइटच्या नाट्यगृहात ती आग्रहाने राबवली. १८८१ मध्ये लंडनचे सॅव्हॉय नाट्यगृह विजेच्या दिव्यांनी उजळले तेव्हा तिथल्या माणसांना मंद-प्रखर करण्याची दोन पिढ्यांची सवय झालेली होती. वीज त्यांच्याकडे आयत्या तयार झालेल्या हातांत आली.

नांदेड-लातूरच्या वाट्याला ही मधली पायरी आलीच नाही. कारणे राजकीय आहेत आणि भौगोलिकही. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभार उर्दूत, शिक्षण उर्दूत, आणि १९२९ च्या गश्ती निशाण ५३ या परिपत्रकानंतर सभा-संमेलनांना सरकारी परवानगीचा काच. अशा परिस्थितीत मराठी नाटकासाठी कायमचे नाट्यगृह कोण बांधणार, आणि त्यात दिव्यांची सोय कोण करणार? नाटक गणेशोत्सवात, जत्रेत, शाळेच्या संमेलनात किंवा एखाद्या वाड्याच्या चौकात व्हायचे. रंगमंच एका रात्रीपुरता उभा राहायचा आणि सकाळी मोडायचा. वाहतुकीचा भाग तेवढाच महत्त्वाचा. नांदेड १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद या मीटरगेज मार्गावर आले. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे पोचली, तीही अडीच फुटी रुळांची. मोठ्या गाडीने आलेला माल कुर्डुवाडीला उतरवून छोट्या गाडीत भरायचा, आणि स्टेशनापासून पुढे बैलगाडी. नळाचा गॅस सोडाच, जड दिवेही इथवर आणणे परवडण्यासारखे नव्हते. म्हणून या भागात जे टिकले ते एका माणसाला उचलता येईल असेच टिकले. दिवटी, टेंभा, पलिता, कंदील, आणि मग गॅसबत्ती.

गॅसबत्ती आपल्या आठवणीत जत्रेची आणि लग्नाच्या वरातीची खूण म्हणून राहिली आहे, पण रंगमंचाच्या इतिहासात तिची भूमिका मोठी आणि काहीशी उलटी आहे. कार्ल आऊअर या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये तापल्यावर लखलखणारी जाळी शोधली. पुढे बर्लिनच्या एरिख आणि ग्रेट्झ या कारखान्याने १९१० च्या सुमारास रॉकेलवर चालणारी पेट्रोमॅक्स बाजारात आणली. टाकीत हवा भरून दाब निर्माण करायचा, रॉकेलची वाफ होऊ द्यायची आणि त्या ज्वाळेत जाळी तापवायची. एका बत्तीचा उजेड दोनशे-तीनशे मेणबत्त्यांच्या बरोबरीचा. तांबूस, थरथरत्या ज्योतीच्या जागी पांढरा, स्थिर, चौफेर पसरणारा उजेड मिळाला. मागे बसलेल्यालाही चेहरा दिसू लागला. एकाच वेळी दहा पात्रे रंगमंचावर उभी करता येऊ लागली. गावाला याचे अप्रूप वाटले तर नवल नाही.

पण या उजेडाने काय नेले तेही पाहिले पाहिजे. गॅसबत्ती पेटवायची तर आधी स्पिरिट जाळून बर्नर तापवावा लागतो, मग पंप मारायचा, पीन फिरवायची. यात काही मिनिटे जातात. नाटक सुरू असताना ती विझवून पुन्हा लावणे अशक्य. ती मंद करता येत नाही. दाब उतरला की आपोआप पिवळी पडते, तेव्हा पंप मारायला कुणीतरी धावायचे. म्हणजे ती कमी व्हायची तेव्हा नाटकाच्या गरजेने नव्हे, स्वतःच्या कारणाने. शिवाय ती बांबूला किंवा आडव्या दोरीला टांगलेली, माणसाच्या हातातून सुटलेली. दिवटी नटाच्या मागे जात होती. आता नटाला बत्तीखाली येऊन उभे राहावे लागले. रंगमंचावर रात्र झाली हे उजेडाने सांगायची सोय उरली नाही, ते संवादातून सांगावे लागले. प्रवेश बदलला हे सांगण्याचे काम पडद्याने घेतले. उजेड कितीतरी पटींनी वाढला आणि त्याच्यावरची सत्ता जवळजवळ शून्यावर आली.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. त्या काळचे मराठी नाटक मुख्यतः संगीत नाटक होते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' १८८० मध्ये आले. गंधर्व नाटक मंडळीची स्थापना १९१३ ची. प्रेक्षक पदे ऐकायला, शालू-शेले पाहायला येत होता. त्याला भरपूर उजेड हवा होता, कमी-जास्त होणारा नव्हे. ज्याची गरजच नव्हती ते गेले म्हणून हळहळायचे कशाला? संगीत नाटकापुरता हा युक्तिवाद मला मान्य आहे. बालगंधर्वांच्या नाटकांना प्रखर, सरसकट उजेड शोभत होता, कारण त्या नाटकाचा रस गळ्यात आणि वेशात होता. पण रंगभूमी तिथे थांबली नाही. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेचे 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आले आणि तीन भिंतींची वास्तववादी खोली मराठी नाटकात शिरली. खोली आली की खिडकी आली, खिडकीतून येणारी संध्याकाळ आली, टेबलावरचा दिवा आला. अशी छापील नाटके पुढे गावोगावच्या हौशी मंडळांच्या हाती पडू लागली आणि त्यांतल्या रंगसूचना वाचताना गॅसबत्तीची मर्यादा उघडी पडली. संहिता संधिप्रकाश मागत होती आणि मंडपात दोनच शक्यता होत्या: लख्ख उजेड किंवा पूर्ण काळोख.

वीज आल्याने हा प्रश्न लगेच सुटला असे मानणे चूक ठरेल. स्वित्झर्लंडच्या अ‍ॅडॉल्फ आप्पिआने १८९९ मध्येच लिहून ठेवले होते की सरसकट पसरलेला उजेड आणि आकार दाखवणारा, सावली पाडणारा उजेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नट जिवंत दिसतो तो दुसऱ्यामुळे. गावच्या सभागृहात आलेली पहिली वीज मात्र पहिल्या जातीची होती: छताला ट्यूबलाइट किंवा बल्ब, पुढे फूटलाइटची रांग, भिंतीवर एक बटण. वागणुकीच्या दृष्टीने ही तारेने टांगलेली गॅसबत्तीच होती. फरक इतकाच की ती झटकन विझवता आणि लावता येत होती. तेवढ्या फरकावर हौशी नाटकवाल्यांनी 'ब्लॅकआउट' हे हत्यार कमावले आणि काही काळ ते अतोनात वापरले. खरी हालचाल सुरू झाली ती स्पर्धांमुळे. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ मध्ये तेव्हाच्या मुंबई राज्यात सुरू झाली; १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा त्या राज्यात आला आणि इथल्या मंडळांना तिचे दार उघडले. पुढे प्रकाशयोजनेला स्वतंत्र बक्षीस मिळू लागले, परीक्षकांच्या कागदावर उजेडासाठी वेगळा रकाना आला आणि मंडळातला एखादा मुलगा केवळ 'लाइट'साठी बाजूला काढला जाऊ लागला.

याच काळातले एक साधन जवळून पाहण्यासारखे आहे. मिठाच्या पाण्याचा डिमर भारतभरच्या लहान गावांतल्या हौशी रंगमंचांवर वापरला जात होता, आणि मराठवाड्यातल्या मंडळांनाही तो अपरिचित नव्हता. मातीची कुंडी किंवा चिनी मातीची बरणी घ्यायची, तिच्यात पाणी आणि मीठ. दिव्याकडे जाणारी तार मध्येच तोडून एक टोक तळाशी ठेवलेल्या धातूच्या पत्र्याला जोडायचे, दुसरे टोक वरून दोरीने सोडलेल्या पत्र्याला. वरचा पत्रा पाण्याबाहेर असला की दिवा बंद. तो पाण्यात उतरू लागला की मिठाच्या पाण्यातून प्रवाह वाहतो आणि दिवा लालसर पेटतो. खालच्या पत्र्याच्या जवळ जाईल तसा पिवळा, मग पांढरा होतो. हजार वॉटचा दिवा असेल तर या पाण्यातून चार अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जातो, पाण्याला बुडबुडे येतात आणि ते तापते. मीठ जास्त झाले तर पत्रा टेकताच उजेड भसकन येतो, कमी पडले तर दिवा पूर्ण तेजावर कधीच येत नाही. सगळ्यात कठीण बाब पुढेच. पाणी तापले की त्याचा अडथळा कमी होतो, म्हणून पहिल्या अंकात दोरी ज्या खुणेवर धरून संध्याकाळ मिळाली, त्याच खुणेवर तिसऱ्या अंकात दुपार मिळते. दोरी धरणाऱ्याला खुणेवर विसंबून चालत नाही. त्याला सतत रंगमंचाकडे पाहावे लागते, नटाच्या चेहऱ्यावर उजेड किती आहे ते डोळ्यांनी मोजावे लागते. दिवटी धरणाऱ्याच्या पावलांना जे ठाऊक होते ते आता या माणसाच्या मनगटात आले. आणि स्पॉट म्हणजे तेलाचा रिकामा डबा: आत बल्ब, तोंडाशी जिलेटिनचा रंगीत कागद, पसरणारा उजेड अडवायला कापून वाकवलेला पत्रा.

यात गरिबीचे कौतुक होते आहे, असे कुणी म्हणेल. त्याची शंका रास्त आहे, म्हणून सरळ उत्तर दिले पाहिजे. हा डिमर जिवाला धोकादायक होता. उघडे पत्रे, ओली जमीन, अर्थिंगचा पत्ता नाही, फ्यूजच्या जागी सापडेल ती तार. एका माणसाला दोन-तीन कुंड्यांपेक्षा जास्त सांभाळता येत नव्हत्या, त्यामुळे योजनाही तेवढ्याच आवाक्याची राहायची. चांगली साधने मिळाली असती तर या मुलांनी कितीतरी अधिक केले असते, आणि ती मिळाली नाहीत हा अन्यायच होता. माझा मुद्दा एवढाच आहे की गॅसबत्तीने नेलेली सत्ता परत आली ती महागड्या यंत्राने आणली नाही, लक्षपूर्वक केलेल्या कष्टाने आणली. याला मराठवाड्याबाहेरचा मोठा आधार आहे. कोलकात्यात १९५९ मध्ये तापस सेन यांनी 'अंगार' नाटकात पाण्याखाली जाणारी कोळशाची खाण आणि 'सेतू'मध्ये धडधडत येणारी आगगाडी केवळ उजेडाने उभी केली, तीही अगदी साध्या साधनांनी. भारतीय प्रकाशयोजनेचे सर्वांत गाजलेले क्षण यंत्रांच्या सुबत्तेतून आलेले नाहीत.

शास्त्रशुद्ध शिक्षण मराठवाड्यात आले ते औरंगाबादच्या वाटेने. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठात पुढे नाट्यशास्त्र विभाग उभा राहिला आणि दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून शिकून आलेल्या कमलाकर सोनटक्के यांनी त्याला आकार दिला. रंगमंचाचे भाग पाडणे, प्रत्येक भागावर दोन बाजूंनी साधारण ४५ अंशांतून एक उबदार आणि एक थंड छटेचा दिवा टाकणे, ही अमेरिकेच्या स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी १९३२ मध्ये मांडलेली पद्धत आज जगभर नाट्यशिक्षणाचा पाया मानली जाते. असे शिक्षण घेतलेला विद्यार्थी परभणी, नांदेड, लातूरच्या गावांत परतला की त्याच्याबरोबर दिवा कुठल्या कोनातून टाकायचा याची समज परतत होती, आणि त्या समजेला ना रेल्वे लागत होती ना बैलगाडी.

याच विभागात शिकवणाऱ्या लक्ष्मण देशपांडे यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला'चा विचार इथे टाळता येत नाही. १९७९ पासून हा एकपात्री प्रयोग त्यांनी गावोगाव, देशोदेशी केला. एक माणूस, बावन्न पात्रे, आणि उजेड बहुतेक वेळ एकसारखा. मग हा प्रयोग प्रकाशयोजनेविना नाटक होते याचा दाखला नाही का? मला तो नेमका उलट वाटतो. बावन्न माणसे एकाच चेहऱ्यातून, मानेच्या झटक्यातून, ओठांच्या मुरडीतून दाखवायची तर त्या चेहऱ्यावरून उजेड एक क्षणही हलता कामा नये. प्रत्येक पात्राला वेगळा रंग देण्याचा मोह झाला असता तर प्रयोग तिथेच कोसळला असता. उजेड न बदलणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो.

नांदेडचा स्वतःचा मोठा नाटककार म्हणजे पीपल्स कॉलेजात अध्यापन केलेले दत्ता भगत. १९८० च्या दशकातले त्यांचे 'वाटा पळवाटा' दलित चळवळीतल्या तीन पिढ्यांचा संघर्ष एका प्राध्यापकाच्या घरात मांडते. विचार एकमेकांवर आदळतात, पण जागा दिवाणखान्याची. असे नाटक प्रकाशयोजकाची खरी परीक्षा घेते, कारण तिथे चमत्काराला वाव नसतो. घरातला उजेड घरातल्यासारखाच वाटला पाहिजे, आणि तरीही वाद टोकाला जातो तेव्हा कुणाच्या तोंडाकडे पाहायचे हे प्रेक्षकाला कळले पाहिजे. नांदेडचे कुसुम सभागृह आणि लातूरचे दयानंद सभागृह इथे राज्य स्पर्धेचे प्रयोग रंगत आले आहेत. तिथले काम बाहेरच्याला दिसत नाही. मंडळाला सभागृह हाती येते ते प्रयोगाच्या दिवशी. काही तासांत नेपथ्य लावायचे, दिवे फिरवायचे, जिलेटिन बदलायचे, आणि संध्याकाळी पडदा. निवड होऊन अंतिम फेरीला जावे तर तिथला रंगमंच वेगळा, दिवे वेगळे, त्यामुळे योजना पहिल्यापासून मांडायची. मुंबईतल्या व्यावसायिक नाटकाचा प्रकाशयोजक एक योजना शेकडो प्रयोगांत मुरवतो. नांदेड-लातूरचा हौशी प्रकाशयोजक तीच योजना दोन प्रयोगांत दोनदा जन्माला घालतो. दोन्ही कामांना एकाच फूटपट्टीने मोजणे न्यायाचे नाही.

शिवाय या हौशी प्रकाशयोजकाच्या पायाखालची जमीनच हलती होती. तापलेल्या तारेच्या दिव्याचा उजेड विजेच्या दाबाच्या प्रमाणात घटत नाही, त्यापेक्षा फार वेगाने घटतो. २३० व्होल्टच्या जागी २०० व्होल्ट आले तर उजेड सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो आणि रंग तांबडा होतो. २००० नंतरच्या दशकात भारनियमनाने मराठवाड्याला तासन् तास अंधारात ठेवले तेव्हा जनरेटरवर प्रयोग करणे नित्याचे झाले, आणि जनरेटरचा दाब दिवे वाढवले की खाली जायचा. म्हणजे कागदावर काढलेला निळा चंद्रप्रकाश रंगमंचावर मळकट हिरवा दिसण्याची शक्यता कायम. अशा स्थितीत लाइटच्या टेबलाशी बसलेला माणूस आकड्यांकडे पाहत नसे, रंगमंचाकडे पाहत असे; आणि पाण्याच्या डिमरने लावलेली सवय त्याच्या उपयोगी पडे.

आता एलईडी आले आहेत. दाब उतरला तरी ते फारसे डगमगत नाहीत, फारसे तापत नाहीत, वीज थोडी खातात, आणि एका दिव्यातून हवा तो रंग निघतो. मंडपवाल्यांकडे, ऑर्केस्ट्रात, माळेगावच्या यात्रेत उतरणाऱ्या तमाशाच्या तंबूत ते सर्रास दिसतात. पण गॅसबत्तीच्या वेळी झाले तेच पुन्हा होऊ पाहते आहे. स्वस्त एलईडी अगदी मंद पातळीवर सलग उतरत नाही, टप्प्याटप्प्याने उड्या मारतो. संध्याकाळ मावळण्याऐवजी जिना उतरल्यासारखी जाते. त्याच्या लालनिळ्या भडकपणात माणसाची कातडी आजारी दिसते. उजेड पुन्हा एकदा वाढला आहे आणि त्याच्यावरचा ताबा पुन्हा एकदा शिकायचा आहे. नांदेड-लातूरचा इतिहास हा एकामागून एक येऊन विझलेल्या दिव्यांचा नाही, कारण त्याच माळेगावात एकाच रात्री खंडोबाच्या जागरणात दिवटी जळते आणि पलीकडे तंबूत एलईडी फिरत असतात. दोन्ही उजेड एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत, आणि दुसऱ्याला पहिल्याकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

या इतिहासातली सर्वांत मोठी उणीव नोंदींची आहे. नाटककाराची संहिता छापली जाते, नटाचा फोटो राहतो, पण प्रकाशयोजकाने वहीच्या मागच्या पानावर काढलेला आराखडा प्रयोगानंतर रद्दीत जातो. नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, त्यात प्रयोगजीवी कलांचे संकुल आहे आणि लातूरला विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी जुन्या मंडळांच्या घरी जाऊन हे आराखडे गोळा करावेत. दोरीने पत्रा खाली सोडणारे हात आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्याशी बोलून घ्यावे. एखादा डब्याचा स्पॉट आणि एखादी कुंडी माळ्यावर पडून असेल तर ती भंगारात जाण्याआधी उचलून आणावी. माहूरच्या गोंधळ्यांकडून दिवटी धरण्याचे तंत्र चित्रित करून घ्यावे. आणि मंडळांनी निदान एवढे करावे: पुढच्या प्रयोगाच्या फलकावर नटांच्या नावांइतक्याच ठळक अक्षरांत प्रकाशयोजकाचे आणि दिवे चालवणाऱ्याचे नाव छापावे.